लॅक्स्टन : खुल्या शेतांचे गाव

इंग्लंडमधील बहुतेक खेड्यांची खुली शेते अठराव्या-एकोणिसाव्या शतकापर्यंत कुंपणबंदीने नाहीशी झाली. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन हा त्यास विरळा अपवाद होय. मार्क पिअर्स याच्या १६३५ च्या नकाशातील पश्चिम शेत, दक्षिण शेत व गिरणी शेत आकाराने घटली. तथापि ती अद्याप पट्ट्यापट्ट्यांनीच कसली जातात. एकात गहू, दुसऱ्यात वसंतातील पेरणी, तिसरे पड अथवा चाऱ्याखाली, असा त्रैवार्षिक फेरा असतो.

गावातील सोयींचा उलगडा या पद्धतीवरूनच होतो. प्रत्येकाच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या असल्याने शेतकऱ्यांची घरे शिवारात न जाता गावरस्त्यालगतच राहिली. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा आला. ‘डव्हकोट इन’ ही पानशाला तर गावाची न्यायसभाही ठरली. नोव्हेंबरअखेर पंच गव्हाचे शेत फिरून पाहतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात व कोणी रस्ता अथवा गवताळ भाग नांगरला असल्यास नोंद घेतात. त्यानंतर पानशालेत ‘कोर्ट लीट’ भरून दंड ठरतो. १९७७ च्या कायद्याने अशा सभांचे न्यायाधिकार संपुष्टात आणताना लॅक्स्टनची सभा वगळली.

गावाची मालकी मात्र पालटत गेली : १९५२ मध्ये कृषिमंत्रालयाकडे, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे. मालकाच्या संमतीवाचून ही पद्धती टिकली नसती, हे खरे; परंतु केवळ संमतीने ती चालत नाही. कसणारे परस्परांच्या नांगरावर लक्ष ठेवतात, तोवरच नकाशातील रेषांना अर्थ राहतो.