घरातील विजेच्या उपकरणांचा विमा व नुकसानभरपाईची मागणी

शेतकरी कुटुंबांच्या घरांतून आता टीव्ही, फ्रीज, संगणक, इन्व्हर्टर अशी उपकरणे दिसतात. हंगामाच्या बचतीतून घेतलेली अशी वस्तू क्षणात निकामी झाली म्हणजे तिची जागा भरून काढणे सोपे नसते. घराचा विमा उतरविलेला असूनही कित्येकदा भरपाईची मागणी नाकारली जाते. याचे मुख्य कारण असे की, बोलण्यातील 'अपघात' आणि विमापत्रातील 'जोखीम' या दोन गोष्टी एक नव्हेत.

भारतीय विमा विनियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र लागू केले. इमारत व सामान या दोहोंचा विमा घेतल्यास घरसामानाला, वेगळी यादी न देता, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतके संरक्षण मिळते. उदाहरणार्थ, इमारतीची विमा रक्कम १५ लाख रुपये असेल तर सामानासाठी ३ लाख रुपये धरले जातात.

आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणे, झाड अथवा वाहन घरावर आदळणे, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे, या कारणांनी झालेले नुकसान या विमापत्रात मोडते. पुराच्या पाण्याने फ्रीज बिघडला तर भरपाई मागता येते. परंतु विजेचा दाब वाढून किंवा शॉर्ट सर्किट होऊन टीव्ही जळाला, तर त्या टीव्हीची भरपाई मिळत नाही; आकाशातील विजेमुळे तसे घडले तरीही नियम तोच. मात्र त्यातून आग पसरून इतर सामान जळाले, तर त्या सामानाची भरपाई मिळू शकते.

मुलाच्या हातून संगणक पडणे, त्यावर चहा सांडणे, असे अपघात मूळ विमापत्रात येत नाहीत. त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. शेतातील विद्युत्पंपही घरसामानात धरला जात नाही. पंपसंचाचा विमा स्वतंत्र असतो.

नुकसान झाल्यावर पुढीलप्रमाणे वागावे :

१. उपकरणाचा वीजप्रवाह तोडावा व नुकसान वाढू देऊ नये.

२. विमा कंपनीला ताबडतोब कळवावे. मागणीचा अर्ज ३० दिवसांच्या आत द्यावा.

३. वस्तूची व जागेची छायाचित्रे घ्यावीत. सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी वस्तू दुरुस्त करू नये, भंगारात देऊ नये.

४. खरेदीची पावती, दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज व बिघाडाचे कारण सांगणारा कारागिराचा लेखी अभिप्राय जोडावा.

५. घडले तेच लिहावे. हातून पडलेली वस्तू पुरात भिजली असे लिहिल्यास ती फसवणूक ठरते आणि रास्त मागणीही हातची जाते.

मागणी नाकारल्यास कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही व वकील लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे ही कार्यालये आहेत.

पावसाळ्यापूर्वी आपण छपराची डागडुजी करतो. त्याच वेळी विमापत्र बाहेर काढून त्यातील जोखमींची व अपवादांची कलमे घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून वाचून घ्यावीत, उपकरणांच्या पावत्या एका ठिकाणी ठेवाव्यात, आणि जे संरक्षण नाही ते हवे की नको याचा निर्णय तेव्हाच करावा. नुकसान झाल्यानंतर विमापत्र वाचून त्यातील कलमे बदलत नाहीत.