तिसरा पदर

चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांचा केसोबासांनी केलेला संग्रह म्हणजे ‘दृष्टांतपाठ’. त्याची रचना तीन पदरी आहे : आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्ट कशाला लावायची याचा खुलासा. येशूच्या दाखल्यांत हा तिसरा पदर क्वचितच सापडतो. पेरणारा, शेतातले निदण अशा मोजक्या दाखल्यांचा अर्थ तो शिष्यांना उलगडून सांगतो. बाकीचे बहुतेक तसेच सोडतो. ही मला उणीव वाटत नाही. दार्ष्टांतिक ऐकणाऱ्याने आपल्या गावात, आपल्या व्यवहारात शोधायचे असते. वसईत ते कसे सापडते, हे दोन दाखल्यांवरून पाहू.

मत्तयच्या शुभवर्तमानातील २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जाऊन दिवसाला एक दिनार ठरवून मजूर लावतो. पुढे दिवसभरात तो आणखी चार वेळा जातो. शेवटची खेप दिवस मावळायला तासभर उरलेला असताना. संध्याकाळी मात्र सर्वांच्या हातावर एकच दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

उशिरा आलेल्यावरही देवाची तितकीच कृपा, हा या दाखल्याचा रूढ अर्थ. तो खराच आहे. पण सकाळी नालासोपारा-विरारच्या नाक्यावर उभे असलेले मजूर ज्याने पाहिले आहेत, त्याचे लक्ष एका तपशिलाकडे जाते. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे विचारल्यावर शेवटचे मजूर सांगतात, की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. ते आळशी नव्हते. दिनार ही तेव्हाची साधारण दिवसाची मजुरी. तासाभराच्या मजुरीवर घरची चूल पेटत नाही, आणि काम कमी मिळाले म्हणून पोरांची भूक कमी होत नाही.

यावर वाडीवाला म्हणेल, असा हिशेब ठेवला तर माझीच वाडी विकावी लागेल. आक्षेप रास्त आहे. दाखला मजुरीचा दर ठरवून देत नाही. तो एवढेच विचारतो, की तुझे ठरलेले तुला मिळाले असताना दुसऱ्याचे भले झाले म्हणून तुझ्या पोटात का दुखावे?

दुसरा दाखला लूकच्या १२व्या अध्यायातला. पीक उदंड आलेला श्रीमंत जुनी कोठारे मोडून मोठी बांधायचे ठरवतो, आणि त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. या माणसाने चोरी केलेली नाही. पण साऱ्या गोष्टीत तो फक्त स्वतःशीच बोलतो. माझे पीक, माझी कोठारे. शेजारी त्याच्या हिशेबात येतच नाही.

आमच्या वसईत याचे दार्ष्टांतिक म्हणजे बुजवलेले बावखल. ते माझ्या सातबाऱ्यावर असेल. पण त्यात साठलेले पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत झिरपते. कागदावर सगळे नियमात बसवूनही शेजाऱ्याचे पाणी तोडता येते. ‘सुबोध बायबल’साठी २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीतही पुढे होते. ही दोन कामे मला वेगळी वाटत नाहीत. एकात त्यांनी गोष्ट मराठीत आणली. दुसऱ्यात तिचा तिसरा पदर वसईच्या मातीवर लिहिला.