बाक हाचा रविवारचा बाजार

उत्तर व्हिएतनाममध्ये, चीनच्या सीमेलगतच्या लाओ काय प्रांतात बाक हा नावाचं गाव आहे. मुख्य बाजार रविवारचा. भरतकामाचे रंगीबेरंगी घागरे घातलेल्या फ्लॉवर ह्मोंग जमातीच्या बायका डोंगरातल्या वाड्यांवरून उतरतात. हे नटणं काही पर्यटकांसाठी नाही हं. बाजार ही भेटीगाठींचीही जागा.

मला सगळ्यात आवडला तो म्हशींचा बाजार. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं, खूर न्याहाळतं, मग कुठे भावाचं बोलणं!

बाजूला मोठ्या कढईत थांग को रटरटत असतं: घोड्याचं मांस, आतडी, मसाला वेलची, दालचिनी. (मी वासावरच भागवलं.) सोबत बान फो गावची मक्याची दारू, प्लास्टिकच्या कॅनमधून. जरा जपून, भलतीच कडक असते. जाणार असाल तर सकाळीच पोहोचा; दुपारी पांगापांग होते.