परक्या गावातील मैत्र

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस सांगली, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असा साऱ्या राज्याचा आडवा पल्ला गाठून अखेर गोंदियास येऊन थांबते. तिच्यातून उतरणाऱ्या माणसांत दोन जाती सहज ओळखू येतात. एक, ज्याला न्यायला कोणी आले आहे तो. आणि दुसरा, ज्याला न्यायला कोणीच आलेले नाही तो. हा दुसरा मनुष्य फलाटावर जरा घुटमळतो, पाटी वाचतो, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतो, आणि मग सगळे जिकडे चालले आहेत तिकडे चालू लागतो. आमचे मुर्री हे गाव गोंदिया शहराच्या अगदी काठावर. त्यामुळे असा वाट चुकलेला किंवा मुद्दाम वाट सोडलेला पाहुणा अधूनमधून आमच्या धानाच्या बांध्यांपर्यंत येऊन पोचतो. अशा वेळी बांधावरचा मनुष्य त्याला पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला: "कोनत्या गावचे जी तुमी?"

या एका प्रश्नातच आमच्या आजच्या विषयाचे सारे मर्म आहे असे आम्हांस वाटते. काही बेत न आखता, कोणाची चिठ्ठी वा शिफारस न घेता, मनुष्य अनोळखी शहरात जातो आणि तेथे त्याला मित्र मिळतात, हे कसे घडते? आणि कोणाच्या बाबतीत ते घडत नाही?

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. मैत्री जमविण्यास बोलका स्वभाव लागतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचा अनुभव उलट आहे. फार बोलणारा प्रवासी लोकांना करमणुकीचा वाटतो. त्याचे ऐकतात, हसतात आणि आपापल्या कामास लागतात. मैत्री होते ती ज्याला काही तरी हवे असते त्याच्याशी. परक्या गावात आपण गरजू असतो, हेच आपले भांडवल. पाणी कुठे मिळेल, स्वस्त जेवण कुठे, ही वाट तलावाकडे जाते का, असे विचारणारा मनुष्य समोरच्याला क्षणभर मोठे करतो. ज्याला कोणी कधी काही विचारीत नाही, अशा सायकल दुरुस्त करणाऱ्याला आपल्या गावाचा जाणकार होण्याची संधी मिळते. ती देणाऱ्यास तो सहसा विसरत नाही. हल्ली खिशातला मोबाइल रस्ता दाखवितो, खाणावळ दाखवितो, भाडेही सांगतो. सोय झाली हे खरे. पण पत्ता विचारणे ही ओळखीची सर्वांत जुनी आणि सर्वांत निरुपद्रवी चावी होती, ती आपण हातची घालविली. आम्ही तरुणांना सांगतो की, नकाशा जरूर जवळ ठेवा, पण निदान एकदा तरी तो खिशात ठेवून माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी घातलेला हा मार्ग सुमारे २३० किलोमीटरांचा. त्यातला अखेरचा अरुंद भाग २०१५ साली बंद झाला आणि पुढे मोठे रूळ आले. ती गाडी एवढ्या अंतराला जवळजवळ सारा दिवस घेई. बाके समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागलेला. सातपुड्याच्या चढावर तर चालणारा मनुष्यही गाडीशी गप्पा मारीत जाईल अशी चाल. अशा डब्यात तासाभराने मनुष्य डबा उघडतो, दोन तासांनी शेजाऱ्याला त्यातले देतो, आणि चार तासांनी मुलीच्या लग्नाची अडचण सांगू लागतो. वेगवान गाडीत हे होत नाही याचे कारण माणसे बिघडली हे नव्हे, तर चौथा तास येण्याआधीच गाव येते. म्हणून परक्या शहरात जाणाऱ्याने तीन दिवसांत दहा स्थळे पाहण्यापेक्षा एकाच टपरीवर तीन दिवस चहा प्यावा. पहिल्या दिवशी आपण गिऱ्हाईक असतो. दुसऱ्या दिवशी चहावाला मान हलवितो. तिसऱ्या दिवशी तो विचारतो, "काल संध्याकाळी नाही दिसले, भाऊ?" मैत्रीचा पाया पडला तो येथे.

आमच्या या झाडीपट्टीत तर परक्याला आत घेण्याचा एक हंगामच आहे. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक किंवा दंडार; वडशाच्या नाटक कंपन्या याच दिवसांत गावोगाव फिरतात. मंडईच्या दिवशी घरात किती पाने वाढावी लागतील हे कोणी आधी मोजीत नाही. पाहुण्याबरोबर त्याचा मित्र येतो, मित्राबरोबर त्याचा साळा. धान हाती आलेले असते, कोणाला सोयरीक जमवायची असते, कोणाला बैल पाहायचा असतो. अशा रात्री नाटकाच्या मंडपात तरटावर बसलेल्या परक्याला थंडी वाजत असली तर शेजारचा घोंगडीचा अर्धा भाग त्याच्याकडे सरकवितो, आणि पहाटे नाटक संपले की आपल्याच घरी नेतो. ज्याला आमचा मुलूख पाहायचा असेल त्याने त्या दिवसांत यावे. भाषेची चिंता नको. गोंदियाच्या बाजारात हिंदी चालते, कचेरीत मराठी, घरात पोवारी किंवा झाडीबोली. चुकीची भाषा बोलणारा मनुष्य येथे कोणाला विचित्र वाटत नाही.

येथवर चित्र मोठे सुखद झाले. परंतु बांधावरच्या त्या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. "कोणत्या गावचे?" या प्रश्नामागोमाग पुष्कळदा "आडनाव काय?" हा प्रश्न येतो, आणि आडनावामागे न विचारलेला तिसरा प्रश्न उभा असतो. तो सर्वांना ठाऊक असतो.

आपल्या वाङ्मयातील दोन प्रवास शेजारी ठेवून पाहावेत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. महूच्या आसपास शिपायांनी त्यांना पुढे जाऊ नका असे बजावले, पुढे झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, उपाशी राहिले. तरी ज्या ज्या गावी ते गेले तेथे भिक्षुकी, वेदपठण आणि ज्ञाती या तीन धाग्यांनी त्यांना कोणाचे तरी घर उघडे सापडले. त्यांचे कष्ट आम्ही कमी लेखीत नाही. पण त्यांच्या हाती एक न दिसणारी चिठ्ठी होती.

आता दुसरा प्रवास. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांकडे चालली होती. वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्याने न्यायला कोणी आले नव्हते. कपडे नीटनेटके पाहून स्टेशनमास्तरने ममतेने चौकशी केली. मुलांनी आपण महार असल्याचे सांगताच तो दचकून मागे सरला. गाडीवाले भाड्याने येईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनीच गाडी हाकावी आणि गाडीवानाने बरोबर चालत यावे, असा तोडगा निघाला. त्यांच्यातला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेला, तेव्हा त्या शहरात त्याला राहण्यास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून तो राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले. शहरात त्याचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले की, तू आलास तर माझे नोकर जातील. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. मग बाबासाहेब बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

पुढे १९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीसाठी ते याच आमच्या भागात उभे होते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा झाला तो १९९९ साली. त्या निवडणुकीत ते पराभूत झाले.

आम्ही हे येथे का सांगतो? परक्या शहरातील मैत्रीवर बोलणारे बहुधा धाडस, मोकळेपणा, हसतमुख चेहरा यांची शिफारस करतात. बडोद्याच्या त्या तरुणाजवळ यांतले काय कमी होते? मित्र करणे हे पाहुण्याचे कसब आहे असे मानून आपण सारा भार त्याच्यावर टाकतो. वास्तविक निम्म्याहून अधिक काम यजमान गावाचे आहे. आज कायदा बदलला आहे, गाडीवानाची जागा रिक्षाने घेतली आहे. पण खोली भाड्याने देताना आडनाव विचारणारी घरे पुण्यामुंबईत आहेत, नागपुरात आहेत, आणि गोंदियातही आहेत. आमच्या मुर्रीत नाहीत असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. आमची मुले नोकरीसाठी एकटी पुण्याला जातात तेव्हा आम्ही रात्री जागतो. आमच्या गावात आलेल्या एकट्या मुलासाठी मात्र कोणाची झोप मोडते?

या अडचणीवर विचार झालेला नाही असे नव्हे. साने गुरुजींनी आयुष्याच्या अखेरच्या काळात आंतरभारतीची कल्पना मांडली, तिचा गाभा हाच होता: एका प्रांताच्या तरुणांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तेथील माणसांत राहावे. गुरुजी १९५० साली गेले. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, महायुद्धाने पोळलेल्या युरोपात डेन्मार्क देशी 'सर्वास' नावाची चळवळ निघाली. प्रवाशाने अनोळखी कुटुंबाकडे एकदोन रात्री राहावे, पैसे देऊ-घेऊ नयेत, आणि त्यातून शांततेस हातभार लागावा, एवढाच तिचा विचार. ती अजून अनेक देशांत चालू आहे. दोन्हींतले सूत्र आम्हांस महत्त्वाचे वाटते: पाहुण्याची जात, धर्म वा देश पाहून दार उघडायचे नाही, दार आधी उघडायचे आणि मग कोण आले ते पाहायचे.

सावधगिरीचे दोन शब्द बोलले पाहिजेत. गाडीत अनोळख्याने दिलेल्या खाण्यातून गुंगी आणून लुटल्याच्या बातम्या खोट्या नसतात. सर्वांच्या समोर एकाच ताटातून वाटून घेतले जाते ते खावे. खास आपल्यासाठी पुडीतून निघते ते नको. पहिल्या भेटीतच जो पैशाची गोष्ट काढतो किंवा प्यायला बसवितो, त्याला नमस्कार करून निघावे. एकट्या बाईला तर हे गणित अधिक काटेकोर मांडावे लागते. आमच्या परिचयाच्या एक शिक्षिकाबाई पुष्कळ हिंडल्या आहेत. त्या म्हणतात, नव्या गावात मी आधी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईशेजारी बसते, तिची पोरे सांभाळते. तिने एकदा "आमच्या बाई आहेत" असे म्हटले की सारा बाजार मला राखतो. इतके शहाणे मार्गदर्शन आम्हांला कोणत्याही प्रवासाच्या पुस्तकात आढळले नाही.

आता आमचीच एक गोष्ट सांगून पुरे करतो. ती आमच्या बाजूने फारशी शोभादायक नाही. १९८७ च्या डिसेंबरात धान मळून झाले होते, हाताला काम नव्हते. एका नातलगाला गाडीत बसवून द्यायला गोंदिया स्टेशनावर गेलो आणि स्वतःच जबलपूरच्या गाडीत चढलो. रात्री जबलपुरास पोचलो तो धर्मशाळा भरलेली, आणि हातातले एचएमटीचे घड्याळही बंद. एक घडीसाज दुकान लावीत होता, त्याला वेळ विचारली. त्याने वेळ सांगितली नाही. हात पुढे करून घड्याळ मागितले, पुन्हा दिवा लावला आणि ते उघडून बसला. गोंदियाचे म्हटल्यावर म्हणाला, "वहाँ का चावल तो हमारी अम्मा को बहुत पसंद था." त्या रात्री दुकानावरच्या माळ्यावर झोपलो, आणि पुढचे तीन दिवसही. भेडाघाटची ती पांढरी कडे आणि धुवांधार त्यानेच सायकलवर डबलसीट नेऊन दाखविले. दुरुस्तीचे पैसे घेईना. निघताना आम्ही शब्द दिला की, घरचा नवा चिन्नोर पाठवितो.

तो पाठविला नाही. प्रथम पत्ता हरवला असे सांगत होतो. पत्ता वहीत होता. मग रोवणी आली, मग लग्न आले, मग इतका काळ गेला की पाठविण्याचीच लाज वाटू लागली. २०२२ साली मोठ्या रुळांवरून जबलपूरला गेलो ते पाच किलो तांदूळ घेऊन. दुकान त्याच जागी होते, पण आता तेथे मोबाइल दुरुस्त होत होते. घडीसाजाचा मुलगा गल्ल्यावर होता. वडील बहिणीकडे सतन्याला असतात, डोळ्यांना कमी दिसते, असे तो म्हणाला आणि त्याने फोन जोडून दिला. म्हाताऱ्याला आमचे नाव आठवेना. गोंदिया म्हटले, सायकल म्हटले, भेडाघाट म्हटले. पलीकडे नुसते "हाँ, हाँ". शेवटी आम्ही घड्याळाचे सांगितले, तेव्हा तो एकदम म्हणाला, "एचएमटी? बॅलन्स का स्टाफ टूटा था उसका. अभी चलती है क्या?"

चालत होते. तांदळाची पिशवी आम्ही मुलापाशी दिली आणि दुपारच्या गाडीने परतलो.