परिचय खरा, तर वाट मोकळी

एके काळी नोकरीच्या शोधात निघालेला तरुण जिल्ह्याच्या गावी जाई, सेवायोजन कार्यालयाच्या खिडकीपुढे रांगेत उभा राही आणि नावनोंदणीचे कार्ड हाती पडले की समाधानाने घरी परते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये उभारलेली ही यंत्रणा पुढे सर्व नागरिकांना खुली झाली आणि १९५६ मध्ये तिचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. त्या काळी उमेदवाराची माहिती कार्यालयातील कर्मचारी लिहून घेत असे आणि दाखले समोर ठेवूनच ती नोंदली जात असे.

आज ती खिडकी उमेदवाराच्या हातातील मोबाइलवर आली आहे. केंद्र शासनाने जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ सुरू केले. महाराष्ट्रात महास्वयम् या संकेतस्थळावर उमेदवारांची नोंदणी होते. या दोन्ही ठिकाणी नावनोंदणीसाठी शुल्क नाही. खाजगी क्षेत्रात २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइनसारख्या सेवा आहेतच. सोय वाढली, हे खरे; परंतु एक महत्त्वाचा बदल सहसा लक्षात येत नाही. पूर्वी पडताळणी आरंभी होत असे, आता ती शेवटी होते. उमेदवार स्वतःविषयी वाटेल ते लिहू शकतो. त्याची शहानिशा होते ती मुलाखत पार पडल्यावर, नेमणुकीच्या उंबरठ्यावर. त्या वेळी चूक उघड झाली, तर ती दुरुस्त करण्यास अवधी राहत नाही.

नावापासून सुरुवात

अडचणींची सुरुवात पुष्कळदा नावापासूनच होते. माध्यमिक शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. आधार कार्डावर ते बहुधा शेवटी येते. इंग्रजीत नाव लिहिताना एका ठिकाणी एक अक्षर अधिक, तर दुसऱ्या ठिकाणी एक उणे असते. विवाहित स्त्रियांची अडचण त्याहून मोठी असते. शिक्षणाचे सर्व दाखले माहेरच्या नावाचे आणि संकेतस्थळावरील परिचय सासरच्या नावाचा, अशा स्थितीत पडताळणी करणाऱ्यास या दोन भिन्न व्यक्ती वाटल्या, तर त्यात नवल नाही.

यावर उपाय साधा आहे. परिचयातील नाव शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळते ठेवावे. नाव बदलले असल्यास विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध झालेली नावबदलाची सूचना जवळ बाळगावी. नोकरी समोर आल्यावर ही धावपळ करण्यापेक्षा आधीच ती उरकून घेणे शहाणपणाचे ठरते.

दाखल्यांच्या बाबतीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकर या सुविधेचा मोठा उपयोग होतो. परीक्षा मंडळाने अथवा अन्य शासकीय यंत्रणेने तेथे थेट दिलेला दाखला माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांनुसार मूळ दाखल्याच्या बरोबरीचा मानला जातो. मात्र उमेदवाराने स्वतः छायाचित्र काढून तेथे ठेवलेल्या कागदास तो दर्जा मिळत नाही, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

अनुभव कसा लिहावा

परिचयाचा खरा गाभा म्हणजे उमेदवाराचा अनुभव. येथेच ग्रामीण तरुण दोन टोकांच्या चुका करतो. कागद नाही म्हणून केलेले काम तो लिहीतच नाही. किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून, कधी न केलेले काम लिहून मोकळा होतो.

उदाहरणादाखल, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री झालेला एक तरुण डोळ्यांसमोर आणावा. तालुक्याच्या बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात त्याने दोन वर्षे काढली आहेत. पाणबुडी पंपाच्या मोटारी खोलणे, जळालेली तार काढणे, नव्याने गुंडाळणे, वार्निश देऊन सुकविणे आणि चाचणी घेणे ही सर्व कामे तो करतो. त्याच्या परिचयात मात्र ‘कष्टाळू, प्रामाणिक, कोणतेही काम करण्याची तयारी’ एवढेच शब्द आढळतात. हे शब्द हजारो परिचयांत असतात. त्यांवरून मालकास काहीच बोध होत नाही. त्याऐवजी किती अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारी तो स्वतंत्रपणे दुरुस्त करतो, थ्री फेज जोडणी त्यास येते काय, तारतंत्री परवाना आहे काय, दुकानात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केले, या गोष्टी लिहिल्या, तर कारखान्यातील देखभाल विभागाच्या प्रमुखास तो तरुण कागदावरही दिसू लागतो.

दुकानाने नेमणूकपत्र दिलेले नसते, ही अडचण खरी आहे. परंतु दुकानदाराची संमती घेऊन त्याचे नाव संदर्भ म्हणून देता येते. केलेल्या कामाची छायाचित्रे ठेवता येतात. काम येते पण दाखला नाही, अशांसाठी पूर्वकौशल्यास मान्यता देण्याची पद्धत प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत समाविष्ट करण्यात आली. तीत उमेदवाराची चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिले जाते.

जे काम ज्या स्वरूपाचे असेल, त्याच नावाने ते नोंदवावे, हा दुसरा नियम. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये घालविलेले वर्ष हे शिकाऊ उमेदवारीचे वर्ष होय. ते ‘कंपनीतील नोकरी’ म्हणून दाखवू नये. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेखाली शासकीय कार्यालयात काम केलेल्यांनीही त्याचा उल्लेख कार्य प्रशिक्षण असाच करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. उलट, शिकण्याची पायरी रीतसर ओलांडलेला उमेदवार म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते.

फुगविलेल्या माहितीची किंमत

थोडेसे वाढवून लिहिले तर बिघडते काय, असा प्रश्न अनेक तरुण करतात. बिघडते ते असे. संघटित क्षेत्रातील कामगारास भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून एक सार्वत्रिक खाते क्रमांक मिळतो. ही पद्धत २०१४ पासून रूढ झाली. नोकरी बदलली तरी हा क्रमांक बदलत नाही आणि त्याखाली प्रत्येक मालकाचे नाव व सेवेच्या तारखा नोंदल्या जातात. परिचयात तीन वर्षांची नोकरी आणि निधीच्या नोंदीत चौदा महिने, ही तफावत नव्या मालकापुढे काही मिनिटांत येऊ शकते. प्रमाणपत्रेही संस्थेकडून थेट पडताळून घेतली जातात.

अशा वेळी केवळ ती नोकरी जाते असे नाही. रुजू झाल्यानंतर खोटेपणा उघड झाला, तर सेवा समाप्त होऊ शकते. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचाही समावेश होतो. आठ-दहा हजार रुपये घेऊन ‘अनुभवाचा दाखला’ मिळवून देतो म्हणणारा मध्यस्थ त्या वेळी सापडत नाही. सापडतो तो दाखला वापरणारा तरुण. घरातील एकमेव शिकलेल्या मुलावर असा प्रसंग आला, म्हणजे साऱ्या कुटुंबाचा आधार खचतो.

काय लिहू नये

खरा परिचय म्हणजे संपूर्ण खाजगी माहितीचे प्रदर्शन नव्हे. आधार क्रमांक, बँक खात्याचा तपशील, घराचा पूर्ण पत्ता आणि दाखल्यांच्या प्रती सर्वांना दिसतील अशा ठिकाणी ठेवू नयेत. आधारची प्रत द्यावीच लागली, तर केवळ शेवटचे चार आकडे दिसणारी प्रत काढण्याची सोय उपलब्ध आहे. नेमणुकीपूर्वी ‘नोंदणी शुल्क’, ‘गणवेशाचे पैसे’ किंवा ‘अनामत’ मागणाऱ्यास पैसे देऊ नयेत. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी गेलेली रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक.

गावाने करावयाचे काम

खेड्यातील पुष्कळ उमेदवार आपली नोंदणी सेवा केंद्रातून करून घेतात. घाईत केंद्रचालक स्वतःचाच मोबाइल क्रमांक व ई-मेल भरून टाकतो आणि पासवर्डही त्याच्याचकडे राहतो. पुढे मुलाखतीचे बोलावणे येते ते केंद्रचालकाच्या मोबाइलवर. उमेदवार मात्र ‘कुठूनच उत्तर नाही’ म्हणून निराश होतो. क्रमांक उमेदवाराचा, ई-मेल उमेदवाराचा आणि पासवर्ड फक्त उमेदवारास ठाऊक, ही शिस्त ग्रामपंचायतीने आपल्या गावातील केंद्रास घालून देणे अवघड नाही. त्यासाठी निधी लागत नाही, केवळ लक्ष लागते.

शिक्षकांचे साहाय्य याहून मोलाचे आहे. दहावी-बारावीचे निकाल लागल्यानंतरच्या दिवसांत विद्यार्थ्यांकडून स्वतःविषयी एक पान मराठीत लिहून घ्यावे: काय शिकलो, हाताने काय करता येते, काय अद्याप येत नाही. हेच पान पुढे संकेतस्थळावरील परिचयाचा पाया होऊ शकते. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रातील अधिकाऱ्यांना गावात किंवा शाळेत बोलावून अशा परिचयांची तपासणी करून घेतली, तर पूर्वीच्या खिडकीवर आरंभीच होणारी पडताळणी नव्या स्वरूपात परत येईल.

रोजगाराची संधी निर्माण करणे हे शासनाचे व उद्योगांचे काम आहे. परंतु त्या संधीपर्यंत पोहोचणारा परिचय उमेदवारालाच लिहावा लागतो. तो खरा असेल, तर कोणत्याही टेबलावर, कोणत्याही दिवशी तपासला गेला तरी उमेदवारास मान खाली घालावी लागणार नाही. गावातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एवढी निश्चिंती मिळवून देणे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या आवाक्यातील गोष्ट आहे.