श्रोणी व उदरातील लसीकाग्रंथींचे प्रतिमांकन : गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या संदर्भात

प्रस्तावना

मानवी शरीरात रक्ताभिसरणाच्या जोडीने द्रवाचा आणखी एक प्रवाह अखंड चालू असतो. पेशींभोवती झिरपलेला द्रव गोळा करून तो पुन्हा शिरांमध्ये पोहोचविणाऱ्या या व्यवस्थेस लसीका संस्था म्हणतात. पाय व ओटीपोटातील अवयव यांची लसीका श्रोणीतील ग्रंथींमधून वर चढते, महारोहिणीलगतच्या ग्रंथींच्या साखळीतून जाते आणि अखेरीस मानेच्या तळाशी, बहुधा डाव्या बाजूस, शिरेत मिसळते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशीही प्रामुख्याने याच वाटेने पुढे सरकतात. त्या कोणत्या ग्रंथीपर्यंत पोहोचल्या आहेत यावर किरणोपचाराची वरची सीमा ठरते. ही गोष्ट प्रतिमेवरून कितपत कळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या प्रश्नाला २०१८ मध्ये विशेष महत्त्व आले. तोवर या रोगाची अवस्था मुख्यतः वैद्यकीय तपासणीवरून ठरत असे. महागडी यंत्रे नसलेल्या देशांची अडचण त्यामागे होती. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये ग्रंथींतील प्रसार हा तिसऱ्या अवस्थेचा स्वतंत्र 'सी' गट मानला. केवळ श्रोणीतील ग्रंथी बाधित असल्यास 'सी-१', महारोहिणीलगतच्या बाधित असल्यास 'सी-२'. निदान प्रतिमेवरून झाले असेल तर पुढे 'आर' आणि ऊतिपरीक्षेवरून झाले असेल तर 'पी' हे अक्षर लावावयाचे असते. हे अक्षर किरकोळ वाटते. परंतु निदानाचा आधार कोणता, हे तेच सांगते.

छायेचे स्वरूप

लसीकावाहिन्या अतिशय बारीक आणि त्यांतील द्रव जवळजवळ रंगहीन असल्याने साध्या क्ष-किरणचित्रात त्या दिसत नाहीत. लंडनचे शल्यविशारद किनमंथ यांनी १९५२ मध्ये यावर मार्ग काढला. पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळा रंग टोचून पावलावरील वाहिनी शोधावयाची, तीत सूक्ष्म सुई बसवून क्ष-किरणरोधी द्रव्य सोडावयाचे, अशी ती पद्धत होती. पुढे या कामी आयोडीनयुक्त तेल रूढ झाले. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात तेलाने भरलेल्या ग्रंथींची अंतर्रचना दिसे. आकाराने न वाढलेल्या ग्रंथीतील रिकामी जागाही तीत ओळखता येई, हा गुण नंतरच्या बहुतेक पद्धतींत उरला नाही. मात्र श्रोणीतील आतल्या बाजूच्या काही ग्रंथी पायातून सोडलेल्या तेलाने भरत नसत, आणि तेलाचे कण फुप्फुसात जाण्याचा धोका असे. सीटी स्कॅन आल्यावर ही पद्धत मागे पडली. (गळणारी लसीकावाहिनी शोधण्यासाठी ती अलीकडे पुन्हा वापरात आली आहे, कधीकधी त्या तेलानेच गळती बुजते.)

सीटी व एमआरआय यांत भर असतो तो आकारावर. ग्रंथीचा लहान व्यास सुमारे १० मिलिमीटरहून अधिक असेल तर ती संशयास्पद मानतात. परंतु लहान ग्रंथीत कर्करोग असू शकतो आणि मोठी ग्रंथी केवळ जंतुसंसर्गाने सुजलेली असू शकते. पेट स्कॅनमध्ये ग्रंथी किती शर्करा शोषते ते दिसते. त्यासाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य केवळ ११० मिनिटे असल्याने सायक्लोट्रॉन जवळपास असावा लागतो; भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या विकिरण औषधी केंद्रात सुरू झाला. टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य ६ तासांचे. त्याचा कलिल गर्भाशयमुखाभोवती टोचल्यास लसीका प्रथम ज्या ग्रंथीत जाते ती प्रहरी ग्रंथी ओळखता येते. टेक्नेशियमबरोबर वापरावयाचे औषधसंच देशभर पुरविणारी 'ब्रिट' ही अणुऊर्जा विभागाची संस्था नवी मुंबईत वाशी येथे आहे.

क्षयरोगाचा पेच

महाराष्ट्रातील रुग्णांच्या बाबतीत खरी अडचण यापुढे सुरू होते. क्षयरोगाने सुजलेली ग्रंथीही शर्करा भरपूर शोषते. तिचा मध्यभाग मृत होऊन कडा तेवढी उजळ दिसते, पण कर्करोगाच्या मोठ्या ग्रंथीतही हेच घडते. ज्या देशांत क्षयरोग विरळ आहे तेथील अभ्यासांतून काढलेली अचूकतेची टक्केवारी येथे जशीच्या तशी लावणे म्हणूनच योग्य नाही. ग्रंथींच्या स्थानावरून काही अंदाज बांधता येतो. कर्करोग सहसा पायरीपायरीने वर चढतो. श्रोणीतील ग्रंथी स्वच्छ असून आतड्याच्या पटलातील किंवा स्वादुपिंडाजवळील ग्रंथीच उजळल्या असतील, तर क्षयरोगाचा संशय घेणे सयुक्तिक ठरते.

चुकीच्या वाचनाची किंमत दोन्ही बाजूंनी मोठी आहे. बाधित ग्रंथी सुटली तर रोग किरणक्षेत्राबाहेर राहतो. क्षयरोगाची ग्रंथी कर्करोगाची समजली गेली तर किरणक्षेत्र महारोहिणीच्या बाजूने वर वाढते आणि आतड्याचा मोठा भाग त्यात येतो. आतड्याला होणारी इजा किती, याची कल्पना टाटा स्मारक केंद्राच्या एका चाचणीवरून येते. खारघरचे 'ॲक्ट्रेक' हे याच केंद्राचे अंग आहे. शस्त्रक्रियेनंतर श्रोणीवर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या तंत्राने उपचार झालेल्यांपैकी ४२.४ टक्के स्त्रियांना ३ वर्षांत आतड्याचा मध्यम वा तीव्र त्रास उद्भवला. प्रतिमेच्या मार्गदर्शनाने किरण नेमके वळविणाऱ्या तंत्रात हे प्रमाण २१.१ टक्के होते. येथे क्षेत्र श्रोणीपुरतेच होते, ही बाब लक्षात घ्यावयास हवी.

म्हणून उदरातील एकट्यादुकट्या ग्रंथीवरून किरणक्षेत्र वाढविण्यापूर्वी, शक्य असेल तेथे, सोनोग्राफी किंवा सीटीच्या साहाय्याने सुई घालून पेशी तपासणे इष्ट होय. त्याच नमुन्यावर क्षयजंतूंची जनुकीय चाचणी करता येते आणि तिचे उत्तर काही तासांत मिळते. क्षयरोग सिद्ध झाल्यास सामान्यतः सहा महिन्यांची औषधे कर्करोगाच्या उपचारांच्या जोडीने सुरू करता येतात. श्रोणीतील ग्रंथीही स्वच्छ असतील तर अवस्थेच्या नोंदीतील 'सी' गळून पडतो आणि किरणक्षेत्र श्रोणीपुरतेच राहते.