शापाची दंतकथा आणि १०८ वर्षांची प्रतीक्षा

शिकागो शहराच्या उत्तर भागातील 'रिग्ली फील्ड' या मैदानावर सामना संपला, की धावफलकावर एक ध्वज चढविला जातो. पांढऱ्या ध्वजावर निळे 'डब्ल्यू' हे अक्षर असेल, तर 'शिकागो कब्स' संघ जिंकला. निळ्या ध्वजावर पांढरे 'एल' असेल, तर हरला. जवळून जाणाऱ्या रेल्वेगाडीतील प्रवाशांना निकाल कळावा, हा या प्रथेमागील हेतू. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये या संघाइतकी प्रदीर्घ उपेक्षा कोणाच्याही वाट्याला आली नाही आणि तरीही त्याचा चाहतावर्ग पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला.

१८७६ मध्ये 'नॅशनल लीग' स्थापन झाली, तेव्हापासून हा संघ तिचा घटक आहे. दोन लीगच्या विजेत्यांमध्ये होणारी अंतिम लढत म्हणजे 'वर्ल्ड सीरिज'. ती कब्सने १९०७ आणि १९०८ अशी सलग दोन वर्षे जिंकली. त्यानंतर मात्र विजेतेपदाने पाठ फिरविली.

१९४५ च्या मालिकेत विल्यम सायनिस या मद्यगृहमालकाला त्याच्या पाळीव बोकडासह मैदानात बसू दिले गेले नाही. संतापून त्याने संघाला शाप दिला, अशी आख्यायिका आहे. कब्स ती मालिका हरले आणि पुढील ७१ वर्षे अंतिम लढतीपर्यंत पोहोचूही शकले नाहीत. साहजिकच प्रत्येक अपयशाचे खापर बोकडावर फुटू लागले.

वास्तविक कारणे अधिक साधी होती. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत ओलांडली. कब्सने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरविला तो १९५३ मध्ये. तो एर्नी बँक्स. पुढे 'मिस्टर कब' ठरलेल्या बँक्सने ५१२ होमरन फटकावले. परंतु वर्ल्ड सीरिजचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. मालक फिलिप रिग्ली यांनी १९६१ मध्ये एका मुख्य प्रशिक्षकाऐवजी आळीपाळीने अनेकांकडे सूत्रे देण्याचा प्रयोग केला. १९६२ मध्ये संघाने तब्बल १०३ सामने गमावले.

शापाची कथा निरुपद्रवी राहिली नाही, हे २००३ मध्ये दिसले. लीगच्या निर्णायक मालिकेतील सहाव्या सामन्यात कब्स ३-० ने पुढे होते आणि वर्ल्ड सीरिज गाठण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांचे आणखी पाच गडी बाद करायचे होते. सीमेबाहेर जाणाऱ्या उंच चेंडूसाठी काही प्रेक्षकांनी हात पुढे केले. त्यांपैकी एकाचा हात लागला आणि झेल हुकला. त्यानंतर संघाच्या क्षेत्ररक्षकाकडूनही सोपा चेंडू निसटला व फ्लोरिडा मार्लिन्सने त्या डावात आठ धावा काढल्या. परंतु रोष ओढवला तो त्या सामान्य प्रेक्षकावर. त्याला संरक्षणात मैदानाबाहेर न्यावे लागले. २०१७ मध्ये क्लबने त्याला विजेतेपदाची अंगठी देऊन हे प्रकरण मिटविले.

पराभवांच्या या काळातच चाहत्यांच्या प्रथा रुजल्या. मैदानाच्या विटांच्या भिंतीवरील वेल १९३७ मध्ये लावण्यात आली. प्रतिस्पर्ध्याच्या होमरनचा चेंडू हाती आला, तर तो मैदानात परत भिरकावण्याचा अलिखित नियम आहे. सातव्या डावाच्या मध्यंतरात सारे प्रेक्षक उभे राहून 'टेक मी आऊट टू द बॉल गेम' गातात. १९८२ मध्ये कब्सकडे आलेले समालोचक हॅरी केरे यांनी या गाण्याला येथे वेगळीच लोकप्रियता मिळवून दिली. विशेष म्हणजे हे गाणेही १९०८ मधलेच! प्रकाशझोतातील सामने तर येथे १९८८ मध्ये सुरू झाले. तोपर्यंत घरच्या मैदानावरील खेळ केवळ दिवसाच होत असे.

अखेर २०११ मध्ये थिओ एपस्टाईन यांच्याकडे संघाची सूत्रे आली. तरुण खेळाडूंवर भर देत त्यांनी संघ नव्याने उभारला. २ नोव्हेंबर २०१६ रोजी क्लीव्हलँड येथे सातव्या सामन्यात, दहाव्या डावात, कब्सने ८-७ असा विजय मिळविला. मालिकेत १-३ असे मागे पडूनही त्यांनी बाजी मारली होती.

त्या दिवसांत रिग्ली फील्डच्या बाहेरील भिंती खडूने लिहिलेल्या नावांनी भरून गेल्या. त्यांत आजोबांची, आईवडिलांची, असंख्य दिवंगत चाहत्यांची नावे होती. बँक्सही २०१५ मध्येच निवर्तला होता. शाप कुणी दिला, यापेक्षा वाट पाहता पाहता कोण गेले, याची नोंद शिकागोकरांना अधिक मोलाची वाटली.